दुकानात मशीन हाताने बघायचं: अंध माणसाने घरातल्या वस्तू कशा निवडायच्या

“सर, डिस्प्लेवर कुठला कोड येतोय?”

“मला दिसत नाही हो, मी अंध आहे.”

“ओके सर. मग घरात जे कोणी असतील त्यांना बघायला सांगता का?”

“घरात मी एकटाच असतो.”

यावर कंपनीच्या हेल्पलाइनवर थोडा वेळ गाणं वाजलं आणि मग फोन कट झाला. वॉशिंग मशीनमध्ये चार शर्ट, दोन पॅन्ट, एक चादर आणि अर्ध्यापर्यंत पाणी, दार लॉक. झालं काय होतं, तर त्या काचेसारख्या गुळगुळीत पॅनलवर मी बटन शोधत हात फिरवत होतो आणि कुठेतरी बोट तीन-चार सेकंद टेकून राहिलं, त्याने चाइल्ड लॉक लागला. हे मला कळलं दोन दिवसांनी, खालच्या काकूंचा दहावीतला नातू आला तेव्हा, त्याने एक बोट टेकवलं, पाच सेकंदात सुटलं. कपडे तीनदा धुवून पण वास गेला नाही.

बँकेत नोकरी, बदली लातूरला, आणि पस्तिशीत पहिल्यांदा स्वतःचं घर स्वतः लावायची वेळ. तोपर्यंत पुण्यात आईने घेतलेल्या वस्तू होत्या, त्या कशा चालतात ते ती एकदा हात धरून दाखवायची की झालं. त्यामुळे ते महागडं मशीन मी काय बघून घेतलं असेल? काही नाही. मित्र म्हणाला टॉप मॉडेल आहे, ऑफर आहे, घे. घेतलं. नंतर ते विकलं निम्म्या किमतीत. त्यानंतर लातूरमध्ये आणि नंतरच्या बदलीत ज्या ज्या वस्तू घेतल्या त्या कशा घेतल्या ते इथे लिहितोय, कारण दर महिन्याला कोणीतरी फोन करून विचारतंच की अंध लोकांसाठीचा मायक्रोवेव्ह कुठे मिळतो.

तर पहिली गोष्ट, तो कुठे मिळतो हा प्रश्नच सोडून द्या. ब्रिटनमध्ये आरएनआयबी नावाची अंधांसाठीची मोठी संस्था बोलणारा मायक्रोवेव्ह विकत आलीय हे खरंय, पण तो इथे मागवून बिघडला तर उघडणार कोण. आपल्याकडे शोधायची ती साधी, सगळ्यांसाठीचीच वस्तू, फक्त ती बोटाला आणि कानाला कळली पाहिजे. मी दुकानात मनाशी चार प्रश्न धरून जातो. मशीन चालू आहे का बंद, हे न बघता कळतं का? आत्ता कुठल्या सेटिंगला आहे ते कळतं का? काम संपलं की काही आवाज येतो का? आणि चौथा, जो बहुतेक जण विसरतात, की माझं काही चुकलं तर मला परत शून्यावर येता येतं का? पहिल्या तीनची उत्तरं थोडी कच्ची असली तरी चालतं पण चौथ्याचं उत्तर पक्कं हवं, कारण आपलं चुकणार आहेच, डोळसांचंही चुकतं, त्यांना फक्त ते लगेच दिसतं.

आता बटनांचे प्रकार. हे नीट समजून घ्या, बाकी सगळं यावरच आहे.

सगळ्यात चांगला म्हणजे अडणारा नॉब. म्हणजे एका टोकाला जाऊन थांबतो, दुसऱ्या टोकाला जाऊन थांबतो, जुन्या रेडिओच्या आवाजाच्या नॉबसारखा. तो डावीकडे पूर्ण फिरवला की शून्य, हे जगातल्या कुठल्याही आंधळ्याला सांगावं लागत नाही. त्याला एक टोक किंवा उंचवटा असेल, म्हणजे बाण कुठे आहे ते बोटाला कळेल, तर सोनंच. दुसरा प्रकार गोल गोल फिरतच राहणारा नॉब, याला कॅटलॉगमध्ये जॉग डायल म्हणतात. दिसायला, म्हणजे हाताला, अगदी पहिल्यासारखाच लागतो आणि इथेच लोक फसतात, नॉब आहे म्हणून घेतात आणि घरी आल्यावर कळतं की हा कुठे थांबतच नाही, आकडा फक्त स्क्रीनवर बदलतोय. दर वेळी टक टक असा टप्पा लागत असेल आणि चालू केल्यावर तो कायम एकाच ठिकाणाहून सुरू होत असेल तर मोजून वापरता येतो, नाहीतर नाही. तिसरं, दाबणारी बटनं, उठलेली किंवा पातळ प्लॅस्टिकखाली दबणारी. उठलेली चांगली, पातळ प्लॅस्टिकवाली पण चालतात कारण दाबल्याशिवाय ती काही करत नाहीत. आणि चौथं टच. टचचं दुखणं एका वाक्यात सांगायचं तर तिथे शोधणं म्हणजेच दाबणं. आपलं बोट हेच आपले डोळे, आणि बघायला गेलं की काहीतरी चालू होतं. माझ्या त्या मशीनचं तेच झालं.

घरबसल्या आधी काय करायचं ते सांगतो. खरेदीच्या साइटवर वर्णन वाचताना फेदर टच, सॉफ्ट टच, सेन्सर, ग्लास पॅनल असे शब्द दिसले की पुढे जायचं. रोटरी, मेकॅनिकल, मॅन्युअल, पुश बटन, टॅक्ट असे शब्द आले की थांबून वाचायचं. पण वर्णनावर पूर्ण विश्वास नको, तिथे लिहिणाऱ्याने वस्तू हातात घेतलेली असतेच असं नाही. त्यापेक्षा जिथे ग्राहकांना प्रश्न विचारायची सोय असेल तिथे सरळ विचारायचं की नॉब शेवटी अडतो का फिरतच राहतो, कोणीतरी भला माणूस उत्तर देतो. वस्तूचा फोटो सीइंग एआय किंवा बी माय आइज किंवा गूगलचं लूकआउट अशा, फोटोत काय आहे ते बोलून सांगणाऱ्या ॲपला दाखवला तर पॅनलवर काय काय आहे याचा अंदाज येतो, फक्त नॉब अडतो का हे फोटोत कोणालाच दिसत नाही, ना एआयला ना डोळसाला. आणि माझी आवडती युक्ती म्हणजे यूट्यूबवरचे अनबॉक्सिंगचे व्हिडिओ, जे बडबडे असतात ते नाही, ज्यात माणूस गप्प बसून मशीन चालवतो ते. डोळसांना ते कंटाळवाणे वाटत असतील, आपल्याला त्यात सगळं ऐकू येतं, बटन दाबल्यावर बीप येतो का, चालू-बंदचे बीप वेगळे आहेत का, संपल्यावर किती वेळ वाजतं, नॉबचा टप्पा लागतो का. मी एक एअर फ्रायर नुसता ऐकून नाकारलाय.

मॅन्युअल कंपनीच्या साइटवर पीडीएफमध्ये मिळतं, ते घेण्याआधी वाचा. बऱ्याचदा ते चित्रांचंच असतं आणि स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर, “ग्राफिक ग्राफिक ग्राफिक” म्हणत बसतो, पण एररचे कोड आणि बीपचे अर्थ तरी सापडतात.

मग दुकान. गर्दीच्या दिवशी जाऊ नका, दसऱ्याच्या आदल्या दिवशी कोणी तुम्हाला मशीनला हात लावू देणार नाही. मी आठवड्याच्या मधल्या वारी दुपारी जातो. सोबत कोणी असेल तर त्याला आधीच सांगून ठेवायचं की तू बोलायचं नाही, कारण सेल्समन हमखास त्याच्याशीच बोलायला लागतो. माझ्यासोबत आमच्या ब्रँचचा एक जण आला होता, त्याला सेल्समन म्हणतो, “सरांना काय पाहिजे?” जसं काही मी पार्सल आहे. मी म्हटलं, “दादा, सरांना वॉशिंग मशीन पाहिजे, आणि सरांना हात लावून बघायचंय.” तो बिचारा ओशाळला पण मग मनापासून दाखवायला लागला. वरच्या रांगेतली सगळी टच. दुसरी रांग, अर्धी टच. मी विचारलं, सगळ्यात स्वस्त कुठे ठेवलंय? तर म्हणाला, “ते खाली कोपऱ्यात हाय सर, सेमी ऑटोमॅटिक. म्हातारी माणसं घेतेत ते.” मी म्हटलं तेच दाखव.

खाली बसून मी त्याच्यावर हात फिरवला. तीन नॉब. डावीकडचा धुण्याचा टायमर, उजवीकडे फिरवला की आतून करर्र आवाज करत चावी भरल्यासारखा फिरतो, पंधरा मिनिटांवर जाऊन अडतो, सोडला की टिकटिक करत मागे येतो. मधला मोजक्याच जागांचा, कपडे जाड का पातळ आणि पाणी सोडायचं का ठेवायचं. उजवीकडचा पाच मिनिटांचा, पिळायचा. तिन्हींना मधोमध उभा कणा, त्याचं एक टोक निमुळतं, म्हणजे बाण कुठे ते अंगठ्याला कळतंय. टायमर किती उरलाय ते कधीही हात लावून कळतं, कारण नॉबच मागे मागे येत असतो. माझ्या चारही प्रश्नांची उत्तरं दहा सेकंदांत मिळाली, तीही प्लगमध्ये वायर न घालता. किंमत, मी विकलेल्या मशीनच्या एक तृतीयांश. त्या दिवशी मला जरा चिडच आली, की ही गोष्ट मला आधी कोणी का सांगितली नाही.

सेमीचे तोटे आहेत, लपवत नाही. ओले कपडे एका टबातून दुसऱ्यात टाकायला लागतात, पाणी भरताना जवळ उभं राहावं लागतं, भरल्याचा आवाज बदलतो तो कान ठेवून ओळखायचा, आणि पाण्यात हात घालायच्या आधी बटन बंद करून प्लग काढायचाच, यात आळस नको. ज्यांना हे नको त्यांनी टॉप लोडिंगचं फुल ऑटोमॅटिक घ्यावं, पण दाबायच्या बटनांचं, आणि दुकानात ते चालू करूनच बघावं. बघायचं काय, तर पॉवर दाबल्यावर ते दर वेळी त्याच प्रोग्रामवर येतं का. बऱ्याच मशीनमध्ये येतं, साध्या रोजच्या धुण्यावर. मग आपलं काम दोनच बटनांचं उरतं, पॉवर आणि स्टार्ट. बाकीची दहा बटनं नाहीतच असं समजायचं. मध्येच काही गोंधळ झाला की पॉवर बंद, परत चालू, परत तिथेच. काही मशीनं मात्र हुशारी करतात आणि मागच्या वेळचा प्रोग्राम लक्षात ठेवतात, पाहुण्याने येऊन काहीतरी बदललं की मग पुढचा आठवडा आपली वाट लागते. फ्रंट लोडिंगमध्ये जो मोठा गोल नॉब असतो त्यावर बंदची एक ठरलेली जागा असेल आणि तिथे तो जरा घट्ट बसत असेल तर घ्या, टप्पे मोजता येतात. नुसते दिवेच फिरणारे असतील तर राहू द्या.

स्वयंपाकघरात सगळ्यात जुनी आणि सगळ्यात चांगली बोलणारी वस्तू आधीपासूनच आहे, कुकर. शिट्ट्या मोजून आख्खा महाराष्ट्र वरण-भात लावतो, डोळे असलेला आणि नसलेला, आणि कोणालाही वाटत नाही की ही काही खास सोय आहे. मशीन असं पाहिजे.

मायक्रोवेव्ह घेताना साधा सोलोवाला, म्हणजे नुसता गरम करणारा, दोन नॉबचा मागा, वरचा पॉवरचा, खालचा वेळेचा, दोन्ही अडणारे. संपलं की टिंग वाजतं. याचा टायमर दोन मिनिटांच्या खाली जरा गंडतो, म्हणून एक मिनिट हवं असेल तर आधी तीनवर न्यायचा आणि मग मागे एकवर आणायचा, नुसता एकवर नेला तर लगेच टिंग होतं आणि दूध थंडच. केक वगैरे भाजता येणाऱ्या कन्व्हेक्शनवाल्यात नॉब असले तरी ते बहुतेक फिरत राहणारे असतात, केक करायचाच असेल तर दोन नॉबचा साधा ओटीजी, म्हणजे ओव्हन-टोस्टर-ग्रिल, त्यापेक्षा बरा. एअर फ्रायरचं पण तसंच, तापमान आणि वेळ असे दोन डायल असलेलं साधं मॉडेल बघा, तेही आता दुकानात मागेच ढकललेलं असतं.

इंडक्शन हवंच असेल तर पुश बटनवालं. काचेवरच टच असलेलं अजिबात नको, गरम काच आणि शोधणारी बोटं हे गणित चांगलं नाही. भांडं मधोमध आहे का ते कळायला काहींनी बाजूने सिलिकॉनची रिंग ठेवलीय, मी नुसता कडेपासूनच्या बोटांच्या अंतराने ठेवतो. भांडं नीट नसलं की ते बीप करत राहतं, तेवढी एक सोय. आणि भांडं उचलल्यावरही काच बराच वेळ तापलेली असते, तिथे फक्त दिवा किंवा अक्षर दाखवतात, आवाज कोणी ठेवत नाही. मी सरळ त्यावर दहा मिनिटं लाकडी पाट ठेवून देतो... म्हणजे एकदा भांडं खाली उतरवलं की, पाटाला पाय आहेत, तो तापलेल्या काचेला टेकत नाही म्हणून चालतं.

गॅसबद्दल लोक फार घाबरवतात. मला इंडक्शनपेक्षा गॅस सोपा जातो, नॉब आहे, ज्योतीचा आवाज येतो, मोठी-बारीक कानाला कळते, आणि नाक आहेच. भांडं आधी बर्नरवर नीट बसवायचं, हलवून बघायचं, आणि मगच पेटवायचा. ऑटो इग्निशनवाली शेगडी घ्या म्हणजे लायटर शोधत बसायला नको. नॉबची बंदची जागा आणि बारीकची जागा बोटाला वेगळी लागते का ते दुकानात फिरवून बघा, काही स्टायलिश शेगड्यांचे नॉब अगदी गोल गुळगुळीत असतात, त्यांना कुठलं टोकच नाही. आणि रात्री झोपताना रेग्युलेटर बंद, हे डोळसांनाही लागू.

मिक्सरला काही शोधायला नको, अजून बहुतेक मिक्सर नॉबचेच येतात, उजवीकडे एक दोन तीन, डावीकडे झटका. फक्त एक माहीत असू द्या, मिक्सर अचानक बंद पडला आणि परत चालू होत नसेल तर तो बिघडलाच असं नाही, बहुतेकांच्या बुडाला एक छोटं ओव्हरलोडचं बटन असतं, ते आत दाबायचं. माझ्या एका मित्राने त्यासाठी रिपेअरवाल्याला दोनशे रुपये दिले. फ्रिज तर विचारूच नका, आतमध्ये अडणारा नॉब असलेला कुठलाही घ्या, दार उघडं राहिलं की वाजणारा मिळाला तर उत्तम.

एसीचा खरा त्रास रिमोटचा. एसी बीप करतो पण आकडा रिमोटच्या स्क्रीनवर. माझी पद्धत अशी आहे, कमी करायचं बटन वीसेक वेळा दाबायचं, बहुतेक एसी १६ वर जाऊन थांबतात, मग वाढवायचं बटन आठ वेळा मोजून, २४. दुकानात सेल्समनला विचारून घ्या की खालचं टोक १६ च आहे ना, नाहीतर हिशोब बदलेल. २०२० च्या जानेवारीपासून स्टार लेबलच्या घरगुती एसींना कारखान्यातूनच २४ ची सेटिंग ठेवून द्यायचा नियम आलाय, तो वीज वाचवायला आलाय, आपला त्यात आयताच फायदा. मोड बदलायचं बटन मात्र शत्रू आहे, चुकून दाबलं गेलं की उन्हाळ्यात नुसती हवा येत राहते आणि आपण मेकॅनिकला बोलावतो. मी त्या बटनावर पुठ्ठ्याचा तुकडा टेपने चिकटवून टाकलाय.

गीझरचा प्रश्न चालू करायचा नसून बंद करायचा विसरण्याचा, कारण आठवण करून द्यायला जो लाल दिवा असतो तो आपल्याला असून नसल्यासारखा. आपल्याकडचे स्विच खाली दाबला की चालू, एवढं बोटाला कळतं, पण त्यासाठी बोर्डपर्यंत जायला पाहिजे. मी १६ अँपियरचा स्मार्ट प्लग लावला आणि अलेक्साला सांगतो, वीस मिनिटांनी बंद कर. अलेक्साला हिंदी कळतं, मराठीत मी फक्त तिला शिव्या देतो. छोटा ६ अँपियरचा प्लग गीझरला लावू नका, जळेल.

टीव्हीच्या बाबतीत उलटं आहे, इथे स्मार्टच घ्या. अँड्रॉइड किंवा गूगल टीव्हीत टॉकबॅक नावाचं स्क्रीन रीडर असतं, फायर टीव्हीत व्हॉइसव्ह्यू, फायर टीव्हीच्या रिमोटवरचं बॅक आणि मेन्यू ही दोन बटनं एकदम दोन सेकंद धरली की ते बोलायला लागतं. दुकानातच चालू करून बघा, सेल्समनला पण मजा वाटते. साधा सेट टॉप बॉक्स बोलत नाही, तिथे अजून चॅनेल नंबर पाठ करणं हाच उपाय.

स्मार्ट शब्दावरून आठवलं. आता कुठलाही सेल्समन म्हणतो, सर ॲपवरून चालतं ना, तुम्हाला तर बेस्टच. असेलही. पण पैसे द्यायच्या आधी तिथेच उभं राहून ते ॲप स्वतःच्या फोनवर टाका आणि टॉकबॅक किंवा आयफोनचं व्हॉइसओव्हर चालू ठेवून त्यात फिरा. “बटन, लेबल नाही. बटन, लेबल नाही. इमेज.” असं ऐकू आलं की समजायचं काय ते. आणि ॲप चांगलं असलं तरी माझा नियम असा, की ॲप हे जास्तीचं हवं, एकमेव नको. वायफाय जातं, फोन बदलतो, ॲपचं अपडेट येतं आणि काल बोलणारं बटन आज मुकं होतं. मशीनच्या अंगावर निदान चालू आणि बंद हे हाताने व्हायलाच पाहिजे.

आता खुणा. बाहेर रबराचे चिकटवायचे ठिपके मिळतात, ते मागवायची काही गरज नाही. टिकली. हो, कपाळावर लावायची. आईने पहिल्यांदा तिची टिकली मिक्सरच्या नॉबवर लावली होती तेव्हा मी हसलो होतो, पण मखमली टिकली बोटाला झटकन वेगळी लागते. वाफेने आणि तेलकट हाताने ती महिन्या-दोन महिन्यांत निघते, म्हणून पहिले काही दिवस टिकली लावून बघायचं की खूण बरोबर जागी आहे का, आणि जागा पक्की झाली की तिथे एम-सीलचा मुगाएवढा गोळा. तो वाळला की दगड. ग्लू गनचा थेंब पण चालतो पण गरम जागी नको. सगळीकडे खुणा करत सुटू नका, हे मी अनुभवाने सांगतो, मी उत्साहात एका पॅनलवर अकरा ठिपके लावले आणि मग ते ठिपकेच मोजत बसायला लागलो. दोन किंवा तीन, बास. ब्रेल येत असेल तर लेबल करा, पण बाकी घरातल्यांना आणि उशिरा दृष्टी गेलेल्यांना ब्रेल येत नाही, एक ठिपका सगळ्यांना कळतो.

टच पॅनल गळ्यात पडलाच असेल, म्हणजे भाड्याच्या घरात किंवा भेट म्हणून, तर एक उपाय आहे. जुनी एक्स-रे फिल्म घ्यायची, पॅनलच्या मापाने कापायची, आणि जी दोन-तीन बटनं लागतात तिथेच बोट जाईल एवढी भोकं पाडायची, ती कडेने चिकटवायची. हात फिल्मवरून फिरवायचा आणि भोक लागलं की तिथेच दाबायचं. फिल्म पातळ असते, तिच्यातूनही टच लागू शकतो, तेव्हा टच लागायचा थांबेपर्यंत थर वाढवा. सुंदर दिसत नाही म्हणतात. असेल.

मशीन घरी आल्यावर जो डेमो द्यायला माणूस येतो त्याच्याकडून नीट वसूल करा. त्याला सवय असते “हे इथं दाबायचं, मग ते तिथं” म्हणायची. आपण म्हणायचं, दादा, माझं बोट धरून त्यावर ठेव, आणि नाव सांग. फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवायचं, त्याला सांगून. मग त्याच्यासमोर सगळं स्वतः एकदा चालवायचं, आणि एकदा मुद्दाम चुकवायचं. चाइल्ड लॉक कसा लागतो आणि कसा निघतो हे आधी विचारायचं, माझी शपथ आहे तुम्हाला. दुकानातल्या ऑफरपेक्षा वस्तू परत करायची मुदत किती आणि वापरलेली घेतात का हे बिलाआधी विचारून घ्या, दोन दिवस वापरल्याशिवाय खरं काय ते कळत नाही.

काही अडलं तर मुंबईत वरळीला नॅब ही अंधांची राष्ट्रीय संघटना आहे, झेवियर्स कॉलेजमध्ये एक्सआरसीव्हीसी हे अंधांसाठीचं केंद्र आहे, डेहराडूनला अंधांसाठीची सरकारची राष्ट्रीय संस्था आहे. तिथे वॉशिंग मशीन कोणी विकत नाही, पण अशा ठिकाणच्या ओळखीतून जी माणसं भेटतात त्यांच्याकडे खरी माहिती असते, कोणाच्या घरी कुठलं मॉडेल तीन वर्षं टिकलंय वगैरे. मी इथे मॉडेलचे नंबर देत नाही कारण वर्षभरात ते नंबर बंद होतात आणि त्याच नावाने टचवालं येतं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ४३ आहे, सगळ्यांना वापरता येतील अशा वस्तू बनवायला आणि विकायला सरकारने चालना द्यावी असं त्यात लिहिलंय. कंपनीला तक्रारीचा मेल पाठवताना मी त्याचा उल्लेख करतो. एकदा उत्तर आलं, ‘आपला अभिप्राय महत्त्वाचा आहे’. तरी पाठवा, दहा जणांनी पाठवलं तर एखादा तरी वाचेल.

आणि लातूरबद्दल एक सांगायचं राहिलं. तिथे पाण्याचं काय आहे ते सगळ्यांना माहितीय, २०१६ ला मिरजेहून रेल्वेने पाणी आणलेलं गाव. त्यामुळे टाकी ओसंडून पाणी वाया गेलं की आख्खी बिल्डिंग भांडायला येते. मी मोटर लावायचो आणि जिन्यात उभा राहून पाण्याचा आवाज ऐकायचो. मग हार्डवेअरच्या दुकानात एका पोराने मला एक डबी दिली, काही शे रुपयांची, वायर टाकीत सोडायची आणि डबी दाराशी लावायची. टाकी भरली की बाईचा आवाज, “पानी की टंकी भर गयी है, कृपया मोटर बंद कीजिये”, तोही एवढा मोठा की समोरच्यांनाही कळतं. माझ्या घरातली पहिली बोलणारी वस्तू ती, आणि ती अंधांसाठी कोणी बनवलेलीच नव्हती. ९ व्होल्टची बॅटरी लागते. ती उतरायला लागली की बाईचा आवाज बसतो, पुरुषासारखा जाड येतो, तेव्हा लगेच बदला, कारण त्यानंतर एक-दोन दिवसांत ती गप्प होते आणि मग वरचे काका खाली येतात.